लिएजचे ठसे

बेल्जियममध्ये बनलेलं जुनं पिस्तूल हातात घेतलं की त्यावर अक्षरं, मुकुट, तारे, आकडे यांची दाटी दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, यातच कुठेतरी बनवणाऱ्याचं नाव असणार. बहुतेक वेळा ते नसतंच. असलं तरी आपण ज्याला 'बनवणारा' म्हणतो त्याचं ते असेल याची खात्री नसते. हे कोडं उलगडायचं तर लिएजला जायला हवं, कारण बेल्जियमचं पिस्तूल म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा लिएजचंच पिस्तूल.

आम्हाला निमित्त मिळालं एका मित्राच्या रिव्हॉल्व्हरचं. हा मित्र मूळचा नाशिकचा, आता नोकरीमुळे लूव्हेनला स्थायिक झालेला. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याने एक लहानसं सहाबारी रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. विकणाऱ्याने 'लेफोशे' एवढंच सांगितलं होतं. वस्तू मोठी देखणी. तळहातात मावेल एवढी, नळी आठकोनी, मुठीवर काळपट लाकडाच्या दोन फळ्या. चापाला संरक्षक कडं नाही. चाप पुढे दुमडून खालच्या खाचेत बसतो, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकू नये. सिलिंडर फिरवलं की मागच्या कडेला सहा बारीक खाचा दिसतात. या खाचाच त्या शस्त्राची जात सांगतात. यात वापरायच्या काडतुसाच्या बुडाशी, बाजूला काटकोनात, टाचणीसारखी एक पितळी खीळ बाहेर आलेली असे. ती खाचेतून वर डोकवायची. घोडा वरून तिच्यावर आपटला की ती आत घुसून आतल्या ठिणगीच्या मसाल्यावर आदळायची आणि बार उडायचा. काडतूस हातातून पडून खीळ दगडावर आपटली तरी बार उडण्याची भीती होती. पुढे मध्यभागी टोला घेणारी काडतुसं आली आणि ही पद्धत मागे पडली.

पॅरिसच्या काझिमीर लेफोशेने १८३० च्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. त्याचा मुलगा युजीन याने तिच्यावर रिव्हॉल्व्हर बेतलं आणि १८५८ साली फ्रेंच आरमाराने ते स्वीकारलं. त्यानंतर लिएजच्या कारागिरांनी त्याच्या एवढ्या प्रती काढल्या की आज युरोपातल्या जुन्या बाजारात दिसणारं 'लेफोशे' बहुधा लेफोशेच्या कारखान्याचं तोंडही न पाहिलेलं असतं. मित्राच्या रिव्हॉल्व्हरवर लेफोशे हे नाव कुठेही कोरलेलं नव्हतं. होते ते काही ठसे. शस्त्र लूव्हेनला घरीच ठेवून, प्रत्येक ठशाचे भिंगातून काढलेले फोटो घेऊन आम्ही लिएजची गाडी पकडली.

लिएजचं गीयमँ स्टेशन पाहण्यासारखं आहे. स्पॅनिश वास्तुकार सांतियागो कालात्रावा यांनी रचलेलं हे स्टेशन २००९ साली सुरू झालं. फलाटांवर पांढऱ्या पोलादाच्या फासळ्या आणि काच यांची एवढी मोठी कमान आहे की डब्यातून उतरल्यावर पहिली काही मिनिटं मान वर करूनच जातात. बाहेर पडल्यावर मात्र शहर एकदम जुनं, काळपट विटांचं आणि कष्टाचं दिसू लागतं. लूव्हेनला डच ऐकायची सवय झालेली असते, इथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. वाटेत साखरेचे खडे घालून भाजलेला गरम वाफल घेतला आणि म्यूझ नदीच्या काठाने चालू लागलो.

शस्त्रांचा धंदा इथेच का रुजला, याचं उत्तर या नदीच्या खोऱ्यातच आहे. आसपासच्या टेकड्यांत कोळसा, जवळपास लोखंडाची खनिजं, भाते आणि घण चालवायला उपनद्यांचं वेगवान पाणी, आणि तयार माल बाहेर न्यायला म्यूझ. राजकारणही अनुकूल पडलं. १७९५ साली फ्रान्सने ते गिळंकृत करेपर्यंत लिएज हे एका राजबिशपचं स्वतंत्र राज्य होतं. शेजारची मोठी राज्यं आपसात लढत असताना तटस्थ राहायचं आणि सर्वांना शस्त्रं विकायची, हा इथल्या व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता.

त्या शिरस्त्याचं सर्वांत ठसठशीत स्मारक नदीकाठीच उभं आहे. गडद लाल रंगाची, उंच उतरत्या छपराची भव्य हवेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती झाँ कुर्तियुस नावाच्या व्यापाऱ्याने बांधली. त्याची संपत्ती स्पेनच्या फौजांना बंदुकीची दारू आणि लष्करी सामान पुरवून आलेली. आज ही हवेली आणि तिच्या शेजारच्या इमारती मिळून 'ग्राँ कुर्तियुस' हे संग्रहालय झालं आहे. शस्त्रांचा संग्रह त्याहून जुना. प्येर-जोझेफ लमी नावाच्या शस्त्र-कारखानदाराच्या पुढाकाराने १८८५ साली इथे शस्त्रसंग्रहालय सुरू झालं. ज्या वाड्यात ते भरलं, तिथे नेपोलियन दोनदा उतरला होता, १८०३ मध्ये आणि पुन्हा १८११ मध्ये. पहिल्या भेटीची आठवण म्हणून त्याने शहराला स्वतःचं चित्र दिलं. तरुण अँग्रने काढलेलं ते चित्र लिएजकडे आहे. लाल मखमली पोशाखातला नेपोलियन एका कागदाकडे बोट दाखवतो आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेली आमेरकर ही वस्ती पुन्हा बांधण्याचा तो हुकूम आहे. शस्त्रांच्या दालनांकडे जाताना हे चित्र मुद्दाम आठवावं असं मला वाटतं, कारण आमच्या शोधातला महत्त्वाचा कागद नेपोलियनच्याच सहीचा निघाला.

आमच्या फोटोंतला सर्वांत स्पष्ट ठसा सिलिंडरच्या मागच्या तोंडावर होता. अंडाकृती चौकट, तिच्यात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरं आणि त्यांच्याखाली एक तारा. जुन्या वस्तूंच्या दुकानांत या अक्षरांना सर्रास कंपनीचं नाव समजतात. वास्तविक हा लिएजच्या परीक्षागृहाचा ठसा आहे. सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, दागिना कोणत्या सोनाराने घडवला ते सांगत नाही, तसंच हे. नळीत आणि सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. धातू फाटला, फुगला किंवा चिरला तर माल बाद. टिकला तर ठसा. म्हणजे हा ठसा एवढंच म्हणतो की वापरणाऱ्याच्या हातात हे शस्त्र फुटणार नाही, याची शहराने खात्री करून घेतली आहे.

ही व्यवस्था लिएजमध्ये फार जुनी. १६७२ साली राजबिशप मॅक्सिमिलियन हेन्री याने हुकूम काढून नळ्यांची परीक्षा आणि त्यावर शहराची खूण उमटवणं सुरू केलं. खूण होती 'पेरों'ची. पेरों म्हणजे लिएजच्या स्वातंत्र्याचा दगडी स्तंभ. १४६७ मध्ये बर्गंडीच्या चार्ल्सने शहराचा पाडाव केला तेव्हा दहशत बसावी म्हणून हा स्तंभच उचलून ब्रुजला नेला. तो परत आला १४७८ मध्ये. आज बाजार चौकात कारंज्यावर जो पेरों दिसतो तो झाँ देलकूर या शिल्पकाराच्या हातचा, सतराव्या शतकाच्या अखेरचा. चौकात उभं राहून वर पाहिलं आणि मग फोटोतल्या इवल्याशा खुणेकडे पाहिलं, तर आकृती तीच: पायऱ्यांचा चौथरा, मध्ये खांब, टोकाला पाइनचं बोंड आणि क्रूस. बंदुकीच्या नळीवर शहराने आपलं सर्वांत मानाचं चिन्ह उमटवावं, यात त्या धंद्याकडे पाहण्याची इथली दृष्टी दिसते. पुढच्या काळात पेरों हा पाहणी झाल्याचा ठसा म्हणून राहिला आणि परीक्षेच्या ठशाची जागा ईएलजीने घेतली.

ती घेतली नेपोलियनच्या हुकुमामुळे. लिएज तेव्हा फ्रेंच साम्राज्यात होतं. १४ डिसेंबर १८१० च्या शाही हुकुमाने साम्राज्यातल्या शस्त्रांच्या परीक्षेचे नियम बांधून दिले, आणि लिएजची अक्षरं नळ्यांवर उमटू लागली. साम्राज्य गेलं, पाठोपाठ डच राजवट आली आणि गेली, १८३० मध्ये बेल्जियम जन्माला आला, पण ठसा टिकला. १८८८ च्या कायद्याने बेल्जियमने परीक्षेची नव्याने घडी बसवली आणि ११ जुलै १८९३ पासून ईएलजीच्या चौकटीवर मुकुट चढला. एका संग्राहकाच्या दृष्टीने हा मुकुट म्हणजे सोन्याची खाण. तो असेल तर शस्त्र १८९३ नंतर परीक्षेला गेलं, नसेल तर त्याआधी. आमच्या ठशावर मुकुट नव्हता.

दुसरा धागा त्याहून बारीक. नळीवर आणि सिलिंडरच्या बाजूवर एक एकटं अक्षर होतं आणि त्याच्या डोक्यावर तारा. मित्राला ते बनवणाऱ्याचं आद्याक्षर वाटलं होतं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. प्रत्यक्षात ती परीक्षागृहातल्या तपासनिसाची खूण. ज्याने हा नग हाताळला, त्याने आपल्या नावे ठरवून दिलेलं अक्षर मारलं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा ते स्पष्ट. १८५३ ते १८७७ या काळात या अक्षरावर मुकुट असे, १८७७ पासून त्याजागी तारा आला. आता दोन्ही धागे एकत्र करा. अक्षरावर तारा, म्हणून १८७७ किंवा नंतर. ईएलजीवर मुकुट नाही, म्हणून १८९३ च्या आत. दालनातल्या काचेच्या कपाटांसमोर उभं राहून, जवळजवळ जुळ्या भावांसारखी दिसणारी रिव्हॉल्व्हरं आणि त्यांच्या चिठ्ठ्या पडताळून पाहताना या सोळा वर्षांच्या चौकटीत आमची वस्तू चपखल बसली.

त्या चौकटीला आधार देणारा पुरावा काही न उमटलेल्या ठशांतही मिळतो. आटे पाडलेल्या नळीसाठी मुकुटाखाली आर हे अक्षर १८९४ पासून येऊ लागलं. आमच्याकडे ते नव्हतं. धूररहित दारूच्या परीक्षेचा सिंह आणि पीव्ही ही अक्षरं त्यानंतरची. 'मेड इन बेल्जियम' असे इंग्रजी शब्द दिसले तर माल अमेरिकेच्या बाजारासाठी असण्याचा संभव, कारण तिथल्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. १९२२ पासून तर वर्षागणिक एकेक अक्षर ठरवलेलं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या शस्त्राचं साल थेट वाचता येतं. ठसे वाचण्यात काय आहे इतकंच काय नाही हेही मोजायचं असतं, आणि घाईने वाचणारे नेमके इथे फसतात.

काळ तर कळला. कर्ता कोण?

इथे लिएजची कामाची रीत समजून घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात इथे 'फाब्रिकाँ' म्हणवणारा माणूस बहुधा स्वतः काही घडवत नसे. तो ऑर्डर घेई, भांडवल घाली, नमुना ठरवी आणि माल विके. घडवणारे लोक आपापल्या घरी, परसातल्या छोट्या भट्टीत किंवा खिडकीजवळच्या बाकावर काम करत. कुणी फक्त नळ्या, कुणी फक्त चापाची यंत्रणा, कुणी सांगाडा कानशीने घासून काढणारा, कुणी लाकडाच्या मुठी, कुणी नक्षी. मजुरी नगावर. एक कच्चा भाग या घरातून त्या घरात, तिथून परीक्षागृहात, परत पुढच्या घरात असा फिरत फिरत पुरा होई. कारागिरांची गावंही विभागलेली. हर्स्टाल, शेरात आणि म्यूझकाठची इतर गावं यंत्रणेच्या आणि जुळणीच्या कामाला, तर नळ्यांसाठी वेद्र नदीचं खोरं. वाटेतल्या बऱ्याच हातांनी आपापली आद्याक्षरं आपापल्या भागावर मारली, कधी मजुरीच्या हिशोबासाठी, कधी भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.

त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरवर नळीवाल्याची, सांगाडेवाल्याची, तपासनिसाची आणि फाब्रिकाँची अशी चार प्रकारची अक्षरं सापडू शकतात. फाब्रिकाँची खूण ओळखायला त्यातल्या त्यात सोपी, कारण ती दर्शनी भागावर आणि ठळक असते. मुकुटाखाली ए आणि एफ दिसली तर ओग्युस्त फ्रँकोत, १८०५ पासूनचं नावाजलेलं घराणं. एचडीएच म्हणजे आंरिओं, दासी आणि हशन या तिघांची भागीदारी. घोड्यावर बसलेला सरदार दिसला तर ती पीपर कंपनीची 'बायार' ही खूण. एमिल आणि लेओं या नागां बंधूंचं नाव तर रशियापर्यंत गेलं. १८९१ च्या रशियन रायफलीत आणि १८९५ च्या सैनिकी रिव्हॉल्व्हरमध्ये ते अजून बोललं जातं.

उलट काही नावं मुद्दाम चकवा देतात. संग्रहालयात एका कपाटात नळ्यांचा घोस असलेली पिस्तुलं मांडली आहेत. चार किंवा सहा नळ्या एका गुच्छात, खाली बोट घालायला अंगठीसारखा चाप. प्रत्येक नळीच्या तोंडाला चावी बसेल अशा खाचा, म्हणजे नळी उघडून मागून दारू-गोळी भरता यावी. बाजूला ठसठशीत कोरलेलं, 'मारिएत ब्रव्हते', म्हणजे मारिएतचं पेटंट. हा मारिएत शेरातचा, त्याने १८३७ साली या रचनेचं पेटंट घेतलं. पण ते नाव पेटंटचं, लिएजच्या कितीतरी कारखानदारांनी परवाना घेऊन ती पिस्तुलं काढली. 'कोल्ट ब्रव्हते' लिहिलेली लिएजची रिव्हॉल्व्हरं अशीच, अमेरिकेतल्या कोल्टची रचना वापरणारी. आणखी पुढची पायरी म्हणजे निर्यातीच्या बंदुकांवरची इंग्रजी भासणारी नावं. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची आठवण व्हावी म्हणून 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असं कोरलेल्या लिएजच्या दुनळ्या अमेरिकेत ढिगाने विकल्या गेल्या. वर इंग्रजी नाव आणि नळीच्या पोटाशी ईएलजी असं दिसलं तर विश्वास पोटावरच्या ठशावर ठेवावा.

दुकानदाराचं नाव हा आणखी एक प्रकार. शस्त्र कुठून घेतलं ते लक्षात राहतं, कुणी घडवलं ते नाही. १० जुलै १८७३ रोजी सकाळी कवी पॉल व्हर्लेनने ब्रुसेल्समधल्या दुकानातून सात मिलिमीटरचं लेफोशे पद्धतीचं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि त्याच दिवशी आर्थर रँबोवर गोळी झाडली. गोळी रँबोच्या मनगटात घुसली, व्हर्लेन तुरुंगात गेला. तेच रिव्हॉल्व्हर नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना गेलं. आमच्या मित्राचं रिव्हॉल्व्हर जवळपास त्याच जातकुळीचं, तेवढ्याच मापाचं. व्हर्लेनने ते कुठे घेतलं, कुणावर झाडलं, कितीला विकलं गेलं हे जगाला ठाऊक आहे. ज्यांनी त्याची नळी भोकली आणि चाप घासून बसवला ते मात्र कुणाच्या लेखी नाहीत. मला त्या माणसांचं गाव पाहायचं होतं.

लिएजहून व्हेर्व्हिएला जाणारी गाडी वेद्र नदीला चिकटून जाते. खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी, मध्ये नदी, रूळ आणि रस्ता एकमेकांना रेटत चाललेले. शोफोंतेन, त्रो, फ्रेपों, नेसोंव्हो अशी स्टेशनं भराभर येतात. जुलै २०२१ मध्ये या चिमुकल्या नदीने भयंकर रूप धारण केलं, पेपिन्स्टेर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली आणि माणसं वाहून गेली. त्या पुराच्या खुणा काही घरांच्या भिंतींवर अजून होत्या. ज्या पाण्याने दोनशे वर्षं घण चालवले, त्याच्याच काठाला ही घरं बांधलेली.

नेसोंव्होला उतरलो. गाव लहान, शांत, आज पाहणाऱ्याला शस्त्रांचं काही जाणवू नये असं. पण जुन्या दुनळी बंदुका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे नाव परिचयाचं असतं, कारण हज-लमवान हा नळ्यांचा प्रसिद्ध कारखाना इथलाच. त्याचं नाव बंदुकीच्या नळीवर कोरलेलं सापडतं, बंदूक मग कुणाच्याही नावाने विकलेली असो. खोऱ्याची खासियत होती डमास्कस नळ्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून तापवायच्या, ठोकून एकजीव करायच्या, त्यांची कांब काढायची, ती तापवून दोरीसारखा पीळ द्यायचा. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी पुन्हा एकत्र ठोकून लांब फीत तयार करायची. ही फीत एका दांडीभोवती वेटोळ्यात गुंडाळायची आणि शिवणीवर शिवण जुळवत घणाखाली सलग नळी करायची. मग आतून भोक पाडणं, बाहेरून घासणं, आणि शेवटी आम्लात बुडवलं की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरून भोवऱ्यांची नक्षी उमटे. पिळांची संख्या आणि दिशा बदलली की नक्षी बदले, आणि जाणकार नक्षीवरून काम ओळखत. एका शिवणीत थोडी जरी राख अडकली तर नळी परीक्षेत फुटणार आणि सगळी मेहनत वाया. ओढीव पोलादाच्या स्वस्त नळ्या आल्यावर हे काम टिकणं शक्य नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर ते जवळपास संपलं.

परतीच्या वाटेवर हर्स्टाल पाहिलं. लिएजला लागूनच, म्यूझच्या डाव्या तीरावर. इथे १८८९ मध्ये फाब्रिक नास्योनाल, म्हणजे एफएन, उभी राहिली. बेल्जियमच्या सैन्याला दीड लाख माउझर रायफली हव्या होत्या, आणि घराघरांत विखुरलेल्या कारागिरांकडून एकसारखे, एकमेकांच्या जागी बसतील असे भाग एवढ्या संख्येने मिळणं अशक्य होतं. म्हणून फाब्रिकाँ मंडळींनी एकत्र येऊन यंत्रांचा कारखाना काढला. काही वर्षांत अमेरिकेतल्या जॉन मोझेस ब्राउनिंगशी करार झाला आणि त्याने आखलेलं आपोआप भरणारं पिस्तूल १९०० च्या सुमारास इथून बाहेर पडू लागलं. ब्राउनिंग पुढे वारंवार इथे येत राहिला, आणि १९२६ साली त्याचा मृत्यूही इथेच, काम करता करता झाला. एफएनच्या पिस्तुलावर कर्ता शोधावा लागत नाही, नाव, गाव, पेटंट सगळं सरकत्या भागावर स्पष्ट कोरलेलं.

तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते आखणाऱ्याचं. माझा मित्र नाशिकचा, त्यामुळे हर्स्टालच्या रस्त्यावर आमच्या बोलण्यात जे यायचं तेच आलं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर तरुण अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुलं पाठवली त्यांतलं ते. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिक खटल्याच्या प्रत्येक हकिगतीत 'ब्राउनिंग' हा शब्द येतो. त्या काळी युरोपात या नावाने विकलं जाणारं पिस्तूल बनत होतं ते याच गावात, म्यूझच्या काठी. मित्र लहानपणापासून तो शब्द ऐकत आलेला, पण तो शब्द आणि हे गाव त्याने कधी जोडून पाहिलं नव्हतं. बराच वेळ तो कारखान्याच्या भिंतीकडे बघत बोलत होता.

याच कारखान्यातल्या बायकांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये समान कामाला समान मजुरीसाठी बारा आठवडे संप केला, आणि त्याचे पडसाद युरोपभर उमटले. घराघरांतल्या बाकांवरून काम एका छपराखाली आल्यानंतरची ही गोष्ट. मात्र मजुरी कुणाची किती धरायची, हा प्रश्न वेद्र खोऱ्यातल्या नगामागे पैसे घेणाऱ्या माणसालाही छळत असणारच.

लूव्हेनला परतल्यावर राहिलेलं काम केलं. मुठीचा एकुलता स्क्रू काढून लाकडाच्या फळ्या बाजूला केल्या. आत सांगाड्याच्या लोखंडावर, बाहेरून कधीच दिसू नयेत अशा जागी, दोन अक्षरं होती, जे आणि डी. शेजारी दोन आकडी क्रमांक. तोच क्रमांक फळ्यांच्या आतल्या बाजूला आणि सिलिंडरच्या आसाला. हा जुळणीचा क्रमांक, एकाच वस्तूचे भाग एकत्र राहावेत म्हणून. अक्षरं फाब्रिकाँची असती तर बाहेर, डोळ्यांत भरतील अशी असती. मुठीखाली दडलेली अक्षरं सांगाडा घासणाऱ्या कारागिराची. लिएज भागात डी या अक्षराने सुरू होणारी आडनावं पैशाला पासरी आहेत, देप्रे, देकोर्तीस, द्युमुलँ अशी. जे. डी. ला पूर्ण नाव देणं म्हणजे त्यातलं एक मनाने उचलून त्याच्या माथी मारणं. मित्राने तसं केलं नाही, आणि मला ते फार योग्य वाटलं. बाहेर कुठेच फाब्रिकाँची खूण नव्हती, म्हणजे माल बिननावाचा, दुकानदाराला हवं ते नाव घालता यावं असा सोडलेला.

त्याने कपाटात वस्तूसोबत ठेवायची चिठ्ठी मराठीतच लिहिली. खिळीच्या काडतुसांचं सहाबारी रिव्हॉल्व्हर, लेफोशे पद्धत, सात मिलिमीटर, लिएज, १८७७ ते १८९३ च्या दरम्यान परीक्षा झालेलं, सांगाड्याचा कारागीर जे. डी., फाब्रिकाँची खूण नाही. 'लेफोशे' हे नाव आधी मोठ्या अक्षरांत होतं, ते आता पद्धतीपुरतं राहिलं.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या संग्रहांत, शेतावरच्या घरांत ईएलजीचा ठसा असलेल्या दुनळ्या आणि पिस्तुलं निघतात. ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी आधी परवान्याची बाजू पोलीस ठाण्यात विचारून घ्यावी, काडतूस घालून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये. ठसा धातूत जेमतेम नखभरही खोल नसतो. दोन-चार वेळा घासलं की तपासनिसाच्या अक्षरावरचा तारा आणि मुकुट यांतला फरक पुसला जातो. तेल लावलेल्या मऊ फडक्याने हलके पुसावं, तिरप्या उजेडात, भिंगातून, नळीची खालची बाजू, सिलिंडरचं मागचं तोंड आणि मुठीखालचा सांगाडा या तीन जागांचे फोटो काढावेत, आणि मग ठसे एकेक करून वाचायला बसावं.